संक्षुब्ध प्रवाहातील संघटित संरचनांचे मापन

द्रव वा वायू यांच्या संक्षुब्ध (खळबळीच्या) प्रवाहात कोणत्याही ठिकाणचा वेग व दाब क्षणोक्षणी आणि अनियमितपणे बदलत असतो. तथापि या अनियमिततेतही काही हालचाली अशा असतात की, त्यांना ओळखता येण्याजोगा आकार असतो, त्या काही काळ टिकतात, प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि पुन:पुन्हा जवळजवळ त्याच स्वरूपात निर्माण होतात. अशा हालचालींना संघटित संरचना म्हणतात. द्रायूचा (द्रव वा वायूचा) सूक्ष्म भाग स्वतःभोवती किती त्वरेने फिरतो याच्या मापास आवर्तता म्हणतात. ज्या मोठ्या द्रायुराशीतील आवर्तता सर्व विस्तारभर परस्परांशी निगडित असते, ती राशी म्हणजे संघटित संरचना, अशी व्याख्या फझल हुसेन यांनी १९८० नंतरच्या दशकात केली व ती बरीच रूढ झाली. या संरचना शोधणे, त्यांचे आकारमान, आयुर्मान व पुनरावृत्तीचा काळ ठरविणे आणि संवेग, उष्णता व गाळ यांच्या वहनात त्यांचा वाटा किती आहे हे मोजणे, हा प्रस्तुत मापन तंत्रांचा उद्देश असतो.

स्वरूप : कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यात अशा संरचना कोणत्याही उपकरणावाचून पाहता येतात. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वारणा आणि दक्षिण भागातून पंचगंगा वाहते. दोन्ही नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे असून पंचगंगेवरील रुई व इचलकरंजी येथील बंधारे ही त्यांची उदाहरणे होत. या पद्धतीच्या बंधाऱ्यात नदीच्या पात्रात आडव्या ओळीने खांब उभारलेले असतात. पावसाळा संपल्यावर खांबांच्या खाचांत बरगे बसवून पाणी अडवितात व पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात. बरगे काढलेले असताना पाणी खांबांमधील गाळ्यांतून वेगाने वाहते. प्रत्येक खांबाच्या पुढील तोंडाशी पाणी किंचित फुगलेले दिसते; मागील बाजूस आळीपाळीने उजव्या व डाव्या अंगाने भोवरे सुटतात आणि ते काही अंतर वाहत जाऊन विरतात. आणखी खाली, तळातून उकळून वर आल्याप्रमाणे गढूळ पाण्याचे गोल फुगवटे पृष्ठभागावर उमटतात. यांपैकी कोणताही भोवरा दुसऱ्यासारखा तंतोतंत नसतो. तरी भोवरे सुटण्याची घटना ठराविक अंतराने घडते, हे काठावर उभ्या असलेल्या माणसाच्याही लक्षात येते.

या घटनेचे गणित सोपे आहे. खांबाची रुंदी व भोवरे सुटण्याची कंप्रता यांच्या गुणाकाराला प्रवाहाच्या वेगाने भागले असता जो अंक मिळतो, त्यास स्ट्राउहाल अंक म्हणतात. पुष्कळशा खांबांच्या बाबतीत तो सु. ०.२ असतो. खांब १.५ मी. रुंद व पाण्याचा वेग सेकंदास १.५ मी. आहे असे समजल्यास कंप्रता सेकंदास ०.२ येते, म्हणजे एका बाजूचा भोवरा सुमारे दर पाच सेकंदांनी सुटतो. नदीचा विसर्ग काढण्यासाठी वापरला जाणारा करंट मीटर हा फिरत्या पात्यांचा वेगमापक एका ठिकाणी साधारणतः एक मिनिट धरून त्याचे फेरे मोजतात. तेवढ्या वेळात भोवऱ्यांची सुमारे बारा आवर्तने होऊन जातात आणि हाती एकच माध्य (सरासरी) वेग येतो. विसर्गासाठी तो पुरेसा असतो. भोवऱ्याविषयी मात्र तो काहीच सांगत नाही.

मापनातील मूळ अडचण : ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची धार सोडून स्तरीय व संक्षुब्ध प्रवाहांतील भेद दाखविला. संक्षुब्ध अवस्थेत रंग नळीभर पसरून सरमिसळ झाल्यासारखा दिसे. परंतु विजेच्या ठिणगीच्या क्षणिक प्रकाशात पाहिले असता त्याच रंगात निरनिराळी वेटोळी स्पष्ट दिसत, असे त्यांनी नमूद केले. पुढे १८९५ मध्ये त्यांनीच प्रत्येक राशीचे माध्य मूल्य व त्याभोवतीचे विचलन असे दोन भाग पाडण्याची पद्धत मांडली. अभियांत्रिकीतील बहुतेक सूत्रे या दुसऱ्या पद्धतीवर आधारलेली आहेत. एकाच शास्त्रज्ञाने दाखविलेल्या या दोन दृष्टी पुढे जवळजवळ सत्तर वर्षे वेगळ्या राहिल्या. माध्य काढण्याच्या क्रियेत घटनांचा क्रम व त्यांचे परस्परांतील स्थान नाहीसे होते आणि संरचनेचे अस्तित्व तर त्यांवरच अवलंबून असते. म्हणून संरचनांच्या मापनात स्थळ व काळ यांचा संबंध टिकवून ठेवणे, हे पहिले पथ्य होय. पुढे वर्णिलेले प्रत्येक तंत्र हे पथ्य अंशतःच पाळू शकते.

दृश्यीकरण : प्रवाहात रंग, धूर, बुडबुडे वा कण सोडून त्याचे छायाचित्रण करणे हे सर्वांत जुने तंत्र होय. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एस. जे. क्लाइन व त्यांचे सहकारी यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात पाण्यात अतिशय बारीक प्लॅटिनमची तार ताणून तिच्यातून विजेचे स्पंद पाठविले. विद्युत् विच्छेदनामुळे तारेवर हायड्रोजनाचे सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन त्यांच्या रेषा प्रवाहाबरोबर वाहू लागल्या. पृष्ठभागाला लागून असलेल्या सीमास्तरात मंदगती पाण्याचे लांबट पट्टे आहेत, ते हळूहळू वर उचलले जातात, हेलकावतात आणि अचानक विस्कटतात, असे या रेषांवरून दिसून आले. विस्कटण्याच्या या क्रियेस उद्रेक हे नाव मिळाले. पट्ट्यांमधील सरासरी अंतर श्यानतेवर आधारित लांबीच्या सु. १०० पट भरते. श्यानतेला घर्षणवेगाने भागले असता ही लांबी मिळते. प्रयोगशाळेतील पन्हळीत घर्षणवेग सेकंदास २ सेंमी. असल्यास ती ०.०५ मिमी. व पट्ट्यांमधील अंतर ५ मिमी. येते. उपकरण किती लहान असावे लागते, याची कल्पना यावरून येईल.

दृश्यीकरणाचे महत्त्व मिश्रणस्तराच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते. भिन्न वेगांचे दोन प्रवाह एकमेकांलगत वाहू लागले की, त्यांच्यामध्ये मिश्रणस्तर तयार होतो. एच. डब्ल्यू. लीपमान व जे. लॉफर यांनी १९४७ मध्येच त्याचे तप्त तारेने काळजीपूर्वक मापन केले होते व माध्य राशी उपलब्ध होत्या. परंतु जी. एल. ब्राउन व ए. रॉश्को यांनी हीलियम व नायट्रोजन यांचे प्रवाह वापरून, वायूंच्या प्रणमनांकांतील फरकामुळे पडणाऱ्या सावल्यांची छायाचित्रे १९७४ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा त्या स्तरात ओळीने गुंडाळलेले मोठे आवर्त असल्याचे स्पष्ट दिसले. ज्या प्रवाहाला केवळ यदृच्छ समजले जाई, त्याची वाढ या आवर्तांच्या एकमेकांत मिळण्यामुळे होते, असा अभ्यास यानंतर सुरू झाला. म्हणजे अनेक वर्षे मोजलेल्या प्रवाहातील मुख्य गोष्ट मापनात आलेली नव्हती.

तथापि दृश्यीकरणातही धोका आहे. रंग वा धूर हा प्रवाहाच्या पूर्वेतिहासाची खूण असतो. आवर्त विरून गेल्यावरही त्याने गुंडाळलेला रंग तसाच वाहत राहतो. त्यामुळे दिसणारा आकार हा त्या क्षणी अस्तित्वात असलेला आवर्त असेलच, असे नाही.

बिंदुमापन : प्रवाहातील एका ठिकाणचा वेग सलग नोंदण्यासाठी तप्त तार वेगमापक वापरतात. सु. ५ मायक्रोमीटर व्यासाची व सु. १ मिमी. लांबीची टंगस्टनाची वा प्लॅटिनमाची तार विजेने तापवितात. वाहत्या हवेमुळे ती थंड होऊ लागते. तिचे तापमान स्थिर राखण्यास लागणाऱ्या विद्युत् शक्तीवरून वेग काढतात. याचे मूळ सूत्र एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्ये दिले. सेकंदास हजारो बदल टिपण्याची क्षमता हा या तंत्राचा गुण होय. प्रवाह पुढे जात आहे की मागे, हे एकट्या तारेला समजत नाही आणि गढूळ पाण्यात ती टिकत नाही, हे तिचे दोष होत.

लेसर डॉप्लर वेगमापकात (१९६४ पासून) एकमेकांस छेदणाऱ्या दोन लेसर शलाकांमुळे काळ्या व उजळ पट्ट्यांची रचना तयार होते. तिच्यातून जाणाऱ्या सूक्ष्म कणाने विखुरलेल्या प्रकाशाच्या कंप्रतेवरून कणाचा वेग मिळतो. प्रवाहात काहीही बुडवावे लागत नाही आणि एका शलाकेची कंप्रता किंचित बदलून उलट दिशेचा वेगही ओळखता येतो. गढूळ पाण्यातून प्रकाश जात नसल्याने नदीच्या कामात ध्वनीवर आधारलेला डॉप्लर वेगमापक अधिक उपयुक्त ठरला आहे. त्याच्या टोकापासून काही सेंमी. अंतरावरील लहानशा घनफळातील कणांवरून परतणाऱ्या ध्वनीच्या कंप्रतेतील फरकावरून वेगाचे तिन्ही घटक सेकंदास अनेक वेळा मिळतात.

एका बिंदूवरील नोंदीवरून संरचनेची लांबी काढण्यासाठी जी. आय. टेलर यांचे १९३८ चे गृहीतक वापरतात. संक्षोभाचा आकृतिबंध जणू गोठलेल्या स्थितीत माध्य वेगाने संवेदकावरून वाहून जातो, असे समजून काळाचे अंतरात रूपांतर करतात. विचलने माध्य वेगाच्या मानाने लहान असतील तेथेच हे योग्य असते. खांबाच्या लगेच मागे, जेथे पाणी उलटे फिरते, तेथे हे गृहीतक लागू पडत नाही.

सशर्त नमुनादान : सर्व नोंदीचे माध्य न काढता, विशिष्ट अट पूर्ण होते तेवढेच क्षण निवडून त्यांचे माध्य काढणे, यास सशर्त नमुनादान म्हणतात. त्याचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे चरणविश्लेषण. प्रवाहाच्या दिशेतील वेगाचे विचलन आडव्या अक्षावर व पृष्ठभागापासून वर जाणाऱ्या वेगाचे विचलन उभ्या अक्षावर मांडतात. दुसऱ्या चरणात मंद द्रायू वर फेकला जातो, त्यास उत्क्षेप म्हणतात. चौथ्या चरणात वेगवान द्रायू खाली येतो, त्यास झपाटा म्हणता येईल. संक्षोभामुळे निर्माण होणाऱ्या कर्तन प्रतिबलाचा बहुतांश भाग या दोन प्रकारच्या घटनांमुळे येतो, असे जे. एम. वॉलेस, एच. एकेलमान व आर. एस. ब्रॉडकी (१९७२) यांच्या व तदनंतरच्या कामांवरून दिसून आले. दुसऱ्या एका पद्धतीत अल्पकालीन चढउतारांची तीव्रता एका उंबरठ्यापलीकडे गेली की, उद्रेक झाला असे मानतात (आर. एफ. ब्लॅकवेल्डर व आर. ई. कॅप्लन, १९७६).

या क्षेत्रात भारतीय शास्त्रज्ञांचे काम मूलभूत आहे. बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत के. नरहरी राव, रोद्दम नरसिंह व एम. ए. बद्रि नारायणन यांनी तप्त तारेच्या नोंदींचा अभ्यास करून १९७१ मध्ये असे दाखविले की, दोन उद्रेकांमधील सरासरी काळ पृष्ठभागाजवळच्या श्यानतेवर नव्हे, तर संपूर्ण सीमास्तराची जाडी व बाहेरील वेग यांवर अवलंबून असतो. बाहेरील वेगाने जाडीच्या सु. पाच पट अंतर कापण्यास जेवढा वेळ लागेल, तेवढा तो असतो. पृष्ठभागालगतच्या घटनेचा ताल दूरच्या प्रवाहाने ठरावा, हा निष्कर्ष अनपेक्षित होता. ब्लॅकवेल्डर व जे. एच. हॅरिटोनिडिस यांनी १९८३ मध्ये पुरेशी आखूड तार वापरून मोजणी केली, तेव्हा कंप्रता उलट आतील, श्यानतेवर आधारित राशींनीच ठरते असे आढळले. श्यानतेवर आधारित लांबीच्या वीस पटींहून मोठी तार लहान घटना आपल्या लांबीभर पसरवून टाकते व त्या मोजणीतून निसटतात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या राशींचे मिश्र प्रमाणही सुचविले. संवेदकाची लांबी आणि उंबरठ्याचे मूल्य बदलले की उद्रेकांची संख्या बदलते, ही गोष्ट या वादातून सर्वमान्य झाली.

मोठ्या प्रमाणावरील उदाहरण वातावरणात मिळते. मॉन्सूनच्या द्रोणीच्या अभ्यासासाठी १९९० मध्ये उत्तर भारतात उभारलेल्या मनोऱ्यांपैकी जोधपूर येथील नोंदींवरून नरसिंह व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये संवेगाच्या वहनाचे घटनांमध्ये विभाजन केले. वहन करणाऱ्या, त्याच्या उलट जाणाऱ्या आणि निष्क्रिय अशा तीन अवस्था त्यांनी वेगळ्या केल्या. वाऱ्याचे वहन सतत चालू नसून ते हप्त्याहप्त्याने होते, असे या विभाजनावरून दिसते.

क्षेत्रमापन : कणप्रतिमा वेगमापनात प्रवाहात सूक्ष्म कण सोडून त्याच्या एका पातळ प्रतलावर लेसरचे दोन स्पंद लागोपाठ टाकतात व दोन्ही वेळच्या प्रतिमा घेतात. प्रतिमेचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील कणसमूह किती सरकला हे सहसंबंधाच्या गणिताने काढतात. त्याला मधल्या काळाने भागले की त्या ठिकाणचा वेग मिळतो. या तंत्राचे नाव १९८४ पासून रूढ झाले आणि १९९० नंतर छायाचित्रणाच्या पट्टीऐवजी अंकीय कॅमेरे आल्याने ते सर्वत्र पसरले. एका क्षणी हजारो ठिकाणचे वेग मिळत असल्याने येथे टेलर यांच्या गृहीतकाची गरज राहत नाही. आर. जे. एड्रियन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये याच तंत्राने असे दाखविले की, सीमास्तरात केसांच्या आकड्याच्या आकाराचे आवर्त एकेकटे नसून एकामागून एक असे गटाने वाहतात. अनेक कॅमेऱ्यांच्या साहाय्याने घनफळातील वेग काढण्याची पद्धती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. चौकोनाहून लहान हालचाली मात्र या तंत्रातही माध्यात विरून जातात.

संरचनेची ओळख : वेगक्षेत्र हाती आले तरी त्यात आवर्त कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे ठरवावे लागते. पृष्ठभागाजवळ साध्या कर्तनामुळेही आवर्तता मोठी असते. म्हणून केवळ तिच्यावरून आवर्त ओळखता येत नाही. परिभ्रमण हे विरूपणापेक्षा प्रबळ आहे काय, हे पाहणारे निकष १९८८ व १९९५ मध्ये सुचविले गेले व ते आज सर्वत्र वापरात आहेत. जे. एल. लम्ली यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत अट आधी न ठरविता, ज्या आकृतिबंधांत सर्वाधिक गतिज ऊर्जा सामावते, ते गणितानेच शोधतात. १९८७ मध्ये जे. किम, परविझ मोइन व आर. डी. मोझर यांनी संगणकावर पन्हळीतील प्रवाहाची समीकरणे थेट सोडविल्यानंतर मापन व गणन यांचा ताळा घेणे शक्य झाले.

नदी व पूल : संरचनांच्या मापनाचे व्यावहारिक महत्त्व पुलाच्या खांबाशी होणाऱ्या धुपीत दिसते. पाण्याचा वेग तळापेक्षा पृष्ठभागाजवळ अधिक असल्याने खांबाच्या पुढील तोंडावर वरच्या भागात दाब अधिक वाढतो व पाणी खांबालगत खाली उतरते. तळाशी पोहोचल्यावर ते मागे वळून गुंडाळले जाते आणि त्याचा आवर्त घोड्याच्या नालाप्रमाणे खांबाला दोन्ही बाजूंनी वेढतो. हा नालाकृती आवर्त तळाची वाळू उचलतो व खळगा पाडतो. पूर ओसरताना खळगा वाहून आलेल्या गाळाने पुन्हा अंशतः भरतो. त्यामुळे उन्हाळ्यात पात्र कोरडे असताना केलेल्या पाहणीत पाया सुरक्षित दिसतो. पुरात तो किती उघडा पडला होता, हे समजत नाही.

पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) क्लॉड इंग्लिस यांनी प्रतिकृतींवर प्रयोग करून या धुपीचा अभ्यास केला. पुराच्या पातळीपासून मोजलेली खांबाशी होणारी कमाल खोली लेसी सूत्राने येणाऱ्या माध्य खोलीच्या दुप्पट धरावी, अशी रीत भारतीय पुलांच्या आराखड्यांत आहे. हा अनुभवजन्य नियम उपयुक्त आहे. मात्र तो आवर्ताचे वर्णन करीत नाही. डब्ल्यू. जे. डेव्हनपोर्ट व आर. एल. सिंपसन यांनी १९९० मध्ये पंखाच्या आकाराच्या अडथळ्याच्या पुढील नालाकृती आवर्ताचे लेसर डॉप्लर वेगमापकाने मापन केले. एका ठिकाणच्या वेगांची वारंवारता मांडली असता आलेखाला दोन शिखरे आली. म्हणजे तेथील प्रवाह दोन भिन्न अवस्थांमध्ये अनियमितपणे बदलत असतो आणि माध्य वेग दोहोंच्या मधला, म्हणजे क्वचितच प्रत्यक्षात येणारा असतो. तळावरील बलाचा विचार माध्य वेगावरून करणे किती अपुरे आहे, याचे हे स्पष्ट उदाहरण होय. खरगपूर येथे सुभाशिष डे व आर. व्ही. रायकर यांनी वाढत्या खळग्यांतील नालाकृती आवर्ताचे मापन ध्वनी-डॉप्लर वेगमापकाने करून २००७ मध्ये प्रसिद्ध केले.

रायगड जिल्ह्यात महाडजवळील सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहनांसह वाहून गेला. २०१९ व २०२१ मध्ये पंचगंगेला मोठे पूर आले. अशा पुरात उपकरण पाण्यात उतरविणे धोक्याचे असते. म्हणून पुलावरून वा ड्रोनमधून पाण्याच्या पृष्ठभागाचे चित्रण करून, वाहता पाला, फेस व फुगवटे यांच्या सरकण्यावरून वेगक्षेत्र काढण्याची पद्धती पुढे आली आहे. तिने पृष्ठभागावरील संरचना समजतात. तळाशी चाललेली धूप कळण्यासाठी खांबाला बसविलेल्या ध्वनियंत्राने तळाची खोली पूर चालू असतानाच सतत नोंदावी लागते.

मर्यादा : वरील विवेचनावरून दिसून येईल की, संघटित संरचनेचे कोणतेही मापन हे प्रवाह, उपकरण व निवडीचा निकष या तिघांचे संयुक्त फळ असते. म्हणून निष्कर्षाबरोबर संवेदकाचे आकारमान, नोंदीचा वेग व कालावधी आणि उंबरठ्याचे मूल्य देणे आवश्यक मानतात. भिन्न तत्त्वांवर आधारलेल्या किमान दोन तंत्रांनी तीच संरचना आढळली आणि निकष थोडा बदलूनही ती टिकली, तरच ती प्रवाहात खरोखर आहे, असे खात्रीने म्हणता येते.